सालं

भडगाव स्टँडच्या भिंतीला लागून आमची गाडी.
मोसंबी. फक्त मोसंबी. ऊस नाही,
उसाला चरक लागतो आणि चरकाला घुंगरू,
आणि मला दिवसभर घुंगरू सोसत नाही.
रोज दोन गोण्या सालं निघतात.
शेळ्या हुंगतात, मान वळवतात.
नगरपालिकेचा माणूस
पावती फाडतो, हुंगत नाही.

अशफाक पिंजारी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई,
साडेपाचला येतो. अर्धा ग्लास, बिनबर्फाचा.
एकदा त्याने काडी ओढली
आणि साल चिमटीत धरून ज्योतीवर दाबली.
तडतड. हवेत पिवळ्या ठिणग्यांची फुंकर.
"कोकिळाबाई, हे फेकता तुम्ही रोज."

मग त्याने तांब्याची नळी आणली,
फ्रीजवाल्याकडून, वेटोळी.
मी दिला शिट्टी हरवलेला कुकर.
शिट्टीच्या जागी नळी, सांध्याला कणीक,
नळी बादलीतल्या गार पाण्यातून खाली बाटलीत.
गार पाणी!
एप्रिलात!
गिरणेत वाळू चटके देते,
नळाला दुपारी येतं ते चहाला अर्धं तयार.
वाफ निघायची आणि वाफच राहायची.
घरभर मोसंबी, बाटली कोरडी.
"वाफेला पाणी व्हायचं तर
कुठेतरी गारवा लागतो बाई,"
अशफाकभाई म्हणाला, आणि उगाच खाली पाहिलं.

म्हणून पहाटे चार.
रात्रभर अंगणात ठेवलेले दोन माठ बादलीत रिकामे.
पांढरा गर काढलेला, वरची साल तेवढी किसलेली,
बोटांच्या चिरांत रस, चुरचुर.
पहिला थेंब पाणी.
दुसरा पाणी.
मोजणं सोडून दिलं तेव्हा
पाण्यावर एक डोळा उघडला,
गोल, फिकट, न भिजणारा.

तोताराम उठून आला, दाढी खाजवत.
"इतल्या सालटा, आन इतलंसं?"

ते इतलंसं मी थर्माकोलच्या ग्लासात जपून ठेवलं.
सकाळी ग्लासाला बूड नव्हतं.
तेलाने बूड खाल्लं आणि आपणही गेलं.
फळीवर डाग होता,
मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून चाललेली.
अशफाकभाई ठसका लागेपर्यंत हसला.
"काचेत, बाई. काचेत."

आता खोकल्याच्या औषधाची बाटली आहे.
आठ दिवसांत तळ ओला होतो, एवढंच.
विकायचं कुणाला, ते अजून ठरत नाही.
एक थेंब फडक्यावर घेतला
आणि गाडीच्या पत्र्याला लावून पाहिला.
पत्र्यावर तेवीस सालांचे कागद.
मूळव्याध, बँडपथक, बोअरवेल,
हात जोडलेले तीन उमेदवार, एकावर एक.
रॉकेलने घासले होते, ब्लेडने, नखाने,
निघाले नव्हते.
तेलाने काही ओरबाडलं नाही.
थोडं थांबलं, आणि उमेदवार
जोडलेल्या हातांनिशी खाली सरकले.

खाली हिरवं पीस.
मग चोच.
गाडी घेतली तेव्हा तोतारामने नाव काढून घेतलं होतं
कासोद्याच्या पेंटरकडून: कोकिळा रस केंद्र.
शेजारी कोकिळा काढायची ठरली होती,
पेंटरला पोपटच यायचा.
स्टँडवर महिनाभर हसले सगळे,
तोता आणि कोकिळा म्हणून.
मग पहिली जाहिरात चिकटली. मग दुसरी.

मी घासत गेले. को. कि.
फडकं पाहिलं तर हिरवं.
डिंक कुठला आणि रंग कुठला
हे तेलाला कळत नाही.
हात तिथेच थांबवला.
'ळा'वर एका क्लासचा शंभर टक्के निकाल आहे.
असू दे.

पारोळ्याची गाडी लागली होती.
तोताराम मोसंबी कापता कापता
सुरी हातात घेऊन उकिडवा बसला पत्र्यापुढे.
"हाऊ पोपट कोना शे?"
मी बाटलीला बूच लावलं.
"मन्हा."